पात्राला काय हवं आहे?

टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग गेम आता पुण्या-मुंबईच्या तरुणांच्या चांगलेच ओळखीचे झाले आहेत. कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच गडी एवढ्यावर खेळ उभा राहतो. एक जण गोष्ट पुढे नेतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, त्याच्या तोंडून बोलतात, त्याच्या बुद्धीने निर्णय घेतात. तो निर्णय साधला की फसला, हे फासा सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला, तिथून हा प्रकार फोफावला. नवख्या खेळाडूची अडचण मात्र अजून तीच आहे. पात्राचं नाव ठरतं, हत्यार ठरतं, ताकदीचे आकडे लिहून होतात. पण हा माणूस स्वभावाने कसा, हे खेळताना दाखवायचं कसं?

मारेगावच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. दिवाळीत आपल्या भागातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडार होते. भंडारा-गोंदियाकडे खडी गंमत रंगते. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणणारा कापसाच्या भावापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार तिथल्या तिथे घेतो. जुन्या वगाला बहुधा लिहिलेली संहिता नसे. कथानक ठाऊक असे आणि राजा, प्रधान, सोंगाड्या आपापलं बोलणं उभ्या उभ्या रचत. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगमंचावर आलं, ते याच परंपरेतून. दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवरची नवी नवी वाक्यं घालत. तरी त्यांचा हवालदार तोच राहत असे, कारण कोतवालाच्या जागेवरचा त्याचा डोळा कधी हलत नसे. आमच्या मते पात्राचा स्वभाव उभा करण्याची किल्ली इथे आहे. पात्राला काय हवं आहे, हे खेळाडूच्या मनात पक्कं असलं की वाक्यं आपोआप सुचतात. ते पक्कं नसेल, तर पानभर वर्णन लिहूनही पात्र कागदावरच राहतं.

खेळ रचणाऱ्यांनाही हे उमगायला वेळ लागला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४च्या पहिल्या नियमांत पात्रासाठी सुव्यवस्थेचा पक्ष, अंदाधुंदीचा पक्ष आणि मधला तटस्थ असे तीनच कप्पे होते. १९७८च्या पुस्तकात चांगुलपणा-दुष्टपणाची दुसरी रेघ धरून ते नऊ झाले. पण कप्पा सांगतो तो पक्ष, माणूस सांगत नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांचा राजा आर्थरच्या सरदारांवरचा ‘पेंड्रॅगन’ १९८५ साली आला, आणि त्याची रीत आम्हाला सर्वांत सच्ची वाटते. त्यात गुणांच्या तेरा जोड्या आहेत. दया आणि क्रौर्य, औदार्य आणि स्वार्थ, विश्वास आणि संशय, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया चौदा असेल तर क्रौर्य सहा. कसोटीची वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मग एरवीचा दयाळू सरदार एखाद्या क्षणी क्रूर वागतो आणि खेळाडूला ते पेलावं लागतं. माणसाच्या अंगात दोन्ही असतात आणि प्रसंग त्यातलं एक वर आणतो, हे या खेळाने नियमात बसवलं. पुढे २०१४च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने पात्राच्या सवयी, आदर्श, जिव्हाळ्याचे बंध आणि एक उणीव लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यातली उणीव सर्वांत मोलाची. नवखे खेळाडू नेमकी तीच जागा रिकामी सोडतात किंवा गुळमुळीत भरतात.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. खेळाडूने लिहिलं, ‘माझा शेतकरी चिक्कू आहे.’ एवढ्याने काहीच दिसत नाही. आता गोष्ट सांगणाऱ्याने प्रसंग टाकावा: कापसाचा चुकारा हाती आला आहे, पोरगा शाळेच्या बुटांसाठी मागे लागला आहे, आणि दुकानाबाहेर सावकाराचा माणूस उभा आहे. हा शेतकरी नोटा दोनदा मोजतो, बूट घेतो, पण एक नंबर मोठे घेतो आणि सावकाराच्या माणसाला पाहून पिशवी पोराच्या हाती देतो. चिक्कू हा शब्द कुणी उच्चारला नाही, तरी टेबलावरच्या प्रत्येकाला माणूस कळला. त्याची माया कळली, भीतीही कळली. यासाठी गोष्ट सांगणाऱ्याला प्रसंग द्यावा लागतो आणि सोबत्यांना बोलायला जागा ठेवावी लागते. ढोलकीवाल्याने ताल सोडला तर सोंगाड्या एकटा काय करील?

आवाज बदलणं हा मात्र फसवा सोपा मार्ग आहे. घोगरा आवाज काढला, बोली वाकडी केली की पात्र झालं, असा समज पसरला आहे, आणि वऱ्हाडी बोलणाऱ्यांना त्याची झळ पुरेपूर बसली आहे. मालिका-सिनेमात आपली बोली बहुतेक वेळा हसं करून घेणाऱ्या पात्राच्याच तोंडी येते. आपली मुलं खेळायला बसतील तेव्हा त्यांनी हा अन्याय पुढे नेऊ नये. कोलाम पात्र घ्यायचं तर पोडावरचं जगणं आधी समजून घ्यावं. म्हातारी, दारुडा, अडत्या, कुणाचंही सोंग घ्यावं; पण त्या माणसाला काय हवं आहे आणि तो कशाला भितो, हे ठरवूनच घ्यावं.

दुसरा धोका टेबलावरच्या नात्यांचा. एखादा सोबत्यांची चोरी करतो, प्रत्येकाचा डाव उधळतो आणि वर म्हणतो, ‘माझं पात्रच तसं आहे.’ हे समर्थन आम्हाला मान्य नाही. पात्र त्याने निवडलं आहे, म्हणून वागण्याची जबाबदारीही त्याचीच. सोंग कुठे उतरवायचं, हे गुसाडीकडून शिकावं. तेलंगणातल्या गोंड गावांत दिवाळीला गुसाडी नाचतात. मोरपिसांचा मोठा मुकुट, अंगाला राख. गुसाडी झालेला माणूस त्या दिवसांत आंघोळ करत नाही, लोक त्याला देवाच्या ठायी मानतात. सण सरला की मुकुट उतरतो आणि तो आपल्या वावरात परततो. सोंगात पूर्ण शिरणं आणि वेळेवर बाहेर येणं, दोन्ही त्याला जमतं. टेबलावरच्या खेळाडूलाही दोन्ही जमलं पाहिजे.

मारेगाव तालुक्यात नाटकाचं शिबिर भरवायचं तर जागा, पडदा, ध्वनी, पैसा, सगळ्याची वाण पडते. या खेळाला त्यातलं काही लागत नाही. लाजरी मुलं, ज्यांना मंचावर उभं राहण्याचीच धास्ती वाटते, ती चार मित्रांत बसून बोलती होऊ शकतात; दुसऱ्याच्या जागी उभं राहून निर्णय घ्यायला शिकू शकतात. परदेशी राक्षस आणि किल्ले आणायचीही गरज नाही. आठवडी बाजार, जिनिंग, वर्धा नदीचा पूर, जंगलातली वाट, गोष्टीला एवढं पुरे आहे. तालुक्यातल्या शिक्षकांना आणि वाचनालयांना आमची विनंती आहे: येत्या दिवाळीच्या सुटीत एक खोली, एक टेबल आणि लुडोचे दोन फासे मुलांना द्या, आणि पहिल्या दिवशी गोष्ट सांगायला तुम्ही स्वतः बसा.