तिकिटाचा धंदा आणि अमानत

बस व मेट्रोसाठी तिकिटांची यंत्रे, कार्डे व मोबाईल तिकिटे पुरविणाऱ्या कंपन्या आता जागोजागी निघाल्या आहेत. आमची शिकलेली मुलेही तेथे जातात. कोणाकडे धंदा वाढविण्याचे काम येते, म्हणजे नव्या शहरांचे ठेके मिळविणे व कार्डाचे नवे उपयोग शोधणे. आम्ही कापडवाले. यंत्र आम्हांस कळत नाही, पण गिऱ्हाईक कळते. म्हणून दोन शब्द.

हाँगकाँगचे उदाहरण पाहा. तेथे रेल्वे, बस व फेरीबोट चालविणाऱ्या पाच कंपन्यांनी १९९४ साली मिळून एक कंपनी काढली आणि सप्टेंबर १९९७ मध्ये 'ऑक्टोपस' कार्ड आणले. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे तीस लाख कार्डे खपली. २००० साली सरकारी परवानगी मिळाली आणि त्याच कार्डावर दुकानांतील खरेदीही वाढली. प्रवाशाची सोय झाली की धंदा आपोआप वाढतो, हे यातून दिसते.

पण पुढचेही वाचावे. २०१० मध्ये उघडकीस आले की, कंपनीने बक्षीस योजनेतील सुमारे वीस लाख ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना दिली व त्यातून ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर मिळविले. ओरड झाली, मुख्य अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले आणि ती रक्कम धर्मादाय कामास देण्याची घोषणा झाली. पैसा दान करता येतो, गेलेला भरवसा बाजारात विकत मिळत नाही.

आपल्याकडे ४ मार्च २०१९ रोजी देशभर चालणारे 'नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड' सुरू झाले. उद्या भिवंडी-मालेगावचा मागवाला त्यात शंभर रुपये भरील. ती रक्कम कंपनीची मिळकत नव्हे, अमानत आहे. तो पहाटे कोठे चढतो आणि जुम्म्याला कोठे उतरतो, ही माहितीही अमानतच आहे. ती भलत्या हाती गेली तर नुकसान कोणाचे होईल, हे आमच्या वाचकांना सांगणे नलगे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु कायदा चोरी झाल्यावर धावतो, इमान आधी उभे राहते.

तेव्हा या कामावर असलेल्या तरुणांनी तीन गोष्टी धराव्यात. करारावर साहेबांची सही झाली म्हणजे सौदा पुरा झाला असे मानू नये. गर्दीत उभ्या कंडक्टरला यंत्र सोपे वाटले तरच तो पुरा. मोबाईल नसलेल्या म्हाताऱ्या बाईला रोख पैशांत तिकीट मिळालेच पाहिजे. आणि प्रवाशाची माहिती विकणार नाही, ही अट आपणच करारात घालावी. यात एखादा ठेका हातचा जाईल. जाऊ द्यावा. नमुना एक दाखवून ठाण दुसरे देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.