हौसेच्या गरीचा हिशेब

मासेमारीचा सरकारी हंगाम १ ऑगस्टला सुरू होतो. जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक नौकांना असलेली बंदी ३१ जुलैच्या मध्यरात्री उठते आणि बर्फ, डिझेल, शिधा भरून ताटकळलेले ट्रॉलर बाहेर पडतात. कोळीवाड्यांतली पुष्कळ घरे मात्र अजूनही नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. दर्याला नारळ दिल्याखेरीज होडी लोटायची नाही, हा त्यांचा नेम. एखाद्या वर्षी या दोन मुहूर्तांत चार-आठ दिवसांचेच अंतर पडते, अधिक मास आला की ते तीन-चार आठवड्यांवर जाते. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवावी की नाही, यावर मच्छीमार संघटनांत वादही होतात. वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंचे पोट समुद्रावर आहे, त्यामुळे तो समजण्यासारखा आहे.

या दोन्ही मुहूर्तांशी ज्याला काही देणेघेणे नाही, असा एक मासेमार किनाऱ्यावर बारमाही असतो. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, वांद्र्याच्या खडकांवर, मांडव्याच्या धक्क्यावर, मालवणच्या जेटीवर तो दिसतो. कुणाच्या हातात रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, कुणाच्या हातात परदेशातून मागवलेला कार्बनचा रॉड. कोकणात सुट्टीवर आलेला चाकरमानीही संध्याकाळी चार सुंगटे घेऊन गरवायला जातो. आणि अलीकडे, फायबरची छोटी होडी घेऊन किनाऱ्यापासून काही मैल आत जाणारा, क्लबचा सदस्य असलेला, हौशी आणि खर्चिक गरीवालाही वाढला आहे. नारळी पौर्णिमेच्या निमित्ताने कोळी बांधवांना शुभेच्छा देणारे अग्रलेख दरवर्षी लिहिले जातात. यंदा या दुसऱ्या माणसाबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटते, कारण त्याच्याबद्दल कुणीच काही लिहीत नाही आणि तो स्वतः तर फक्त फोटो काढतो.

त्याची नोंद कुठेच नाही. आपल्या किनाऱ्यावर किती मासळी उतरली याचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था बांधते, तो मासळी उतरवण्याच्या बंदरांवर नमुना-पाहणी करून. गरीवाल्याचा मासा बंदरावर येतच नाही. तो पिशवीतून लोकलने घरी जातो किंवा गाडीच्या डिकीत बर्फाच्या पेटीत बसतो. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याखालचे पिल्लू पकडू-विकू नये म्हणून. राज्यमासा ठरलेल्या पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. पापलेट गरीला क्वचितच लागते, म्हणजे हे नियम करताना डोळ्यांसमोर जाळीच होती, आणि ते योग्यच होते. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या तुलनेत गरीने उचललेली मासळी किरकोळ असणार. पण ‘असणार’ याच्यापुढे आपल्याला काही सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे.

तलावावर असे होत नाही. पवईवरची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५ पासून आहे. तिथे सदस्यत्व आहे, परवाना आहे, पाण्यात बीज सोडण्याची रीत आहे. तलावाला काठ असतो. आज जास्त काढले तर उद्या गळ कोरडा राहील, हे चारही बाजूंना दिसते. समुद्राच्या बाबतीत हाच माणूस एकदम उदार होतो.

समुद्रावरच्या हौसेला स्वतःहून शिस्त लावणारे लोक झालेच नाहीत असे नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटलिना नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे येणारे पर्यटक जाड दोरीच्या गळाने मोठाले मासे ओढत, किनाऱ्यावर मिरवत आणि नंतर बरेचसे फेकून देत. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्ग-लेखकाला ते बघवेना. १८९८ च्या जूनमध्ये त्याने रॉड आणि रिळावर १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना आणला आणि त्याच वर्षी एव्हलॉन गावात ‘ट्यूना क्लब’ काढला. क्लबाचा नियम असा, की दोर ठरावीक जाडीहून जास्त नको आणि मासा सदस्याने स्वतःच आणायचा, दुसऱ्याचा हात लागला की तो हिशेबात धरायचा नाही. पुढे दोर आणखी बारीक करणाऱ्याला मान मोठा मिळू लागला. सरकारने सांगितलेले यात काही नव्हते. माशाला सुटायची संधी मिळावी आणि माणसाला कसब दाखवायला लागावे, एवढ्यासाठी चार हौशी श्रीमंतांनी स्वतःचे हात बांधून घेतले. जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९३९ मध्ये निघाली, तिच्या नियमांतही हाच विचार आहे.

या नियमांमुळे पॅसिफिकमधला ट्यूना वाचला, असे मात्र कुणी म्हणणार नाही. व्यापारी जाळ्यांपुढे एका क्लबाची नियमावली किती पुरणार? शिवाय क्लबाच्या इतिहासात सदस्यांची नावे ठळक असली, तरी मासा कुठे आहे हे सांगणारे एव्हलॉनचे होडीवालेच होते. जॉर्ज फार्न्सवर्थ हा त्यांतला एक. बोटीच्या आवाजाने ट्यूना बिचकतो हे ओळखून त्याने आमिष पतंगाला बांधले आणि ते बोटीपासून लांब, पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवायची युक्ती काढली. विक्रम सदस्याच्या नावावर लागायचा. आपल्याकडच्या तांडेलांना हे वाचून नवल वाटणार नाही.

ज्यांनी वेळेवर स्वतःला मोजले नाही, त्यांना बाहेरून मोजले गेले. ब्रिटन आणि भोवतालच्या समुद्रात ‘बास’ हा हौशी गरीवाल्यांचा लाडका मासा. त्याचा साठा घसरल्याचे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये हौशी माणसाला दिवसाला तीन मासे आणि किमान ४२ सेंटिमीटर लांबी, असा दंडक आला. २०१६ मध्ये तीनाचा एक झाला, तोही वर्षाचा काही काळच. गरीवाले चिडले, दोष व्यापारी बोटींचा आहे म्हणाले, आणि त्यात तथ्यही होते. पण आपण किती काढतो हे सांगायला त्यांच्या हाती भक्कम आकडे नव्हते. आता युरोपीय संघाच्या नियमानुसार २०२६ पासून काही जातींसाठी हौशी मासेमाराने नाव नोंदवायचे आणि पकड कळवायची आहे.

आपल्याकडचा गरीवाला म्हणेल, ‘मी मासा पकडतो आणि सोडून देतो, मग कसला हिशेब?’ सोडणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती वाटते तितकी सोपी नाही. घोळ, तांब, हेकरू या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळीच्या याच पिशवीला, म्हणजे भोताला परदेशात सोन्याचा भाव आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या मच्छीमाराला दीडशेहून जास्त घोळी मिळाल्या आणि त्यांची किंमत कोटीच्या वर गेली, ती भोतासाठीच. खोल पाण्यातून मासा भराभर वर ओढला की दाब कमी होऊन ही पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोटातले अवयव तोंडाशी येतात. असा मासा पाण्यात ‘सोडला’ तरी खाली जाऊ शकत नाही. पृष्ठभागावर उताणा तरंगतो आणि घारीच्या तोंडी जातो. त्याला वजन लावलेल्या चिमट्याने पुन्हा खोलवर नेऊन सोडण्याची साधने आहेत आणि फार महागही नाहीत. टोक आत वळलेली गोल गरी वापरली तर ती घशात न जाता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. हात ओले करूनच मासा धरला तर अंगावरचा चिकट थर टिकतो. सदस्यत्वाचा अर्ज भरून घेताना या तीन गोष्टी शिकवायला क्लबांना एक सकाळ पुरेल.

दुसरा मुद्दा फोटोचा. ज्याचा फोटो काढावासा वाटतो तो मासा नेहमीच मोठा असतो, आणि मोठे मासे हे काही लहान माशांच्याच थोराड आवृत्त्या नसतात. जिताडा आधी नर असतो. काही वर्षे तसा जगल्यावर, वाढत्या वयात त्याची मादी होते. म्हणजे खाडीच्या मुखाशी मिळालेला, दोन्ही हातांत न मावणारा जिताडा ही बहुतेक वेळा मादी असते, आणि तीही भरपूर अंडी देणारी. हेकरूचे उलटे आहे. तो आधी मादी असतो, थोराड झाल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात. एखाद्या खडपावरचे मोठे हेकरू दोन-तीन सुट्ट्यांत उचलून नेले, तर मागे उरतात त्या नुसत्या माद्या. शंभर लहान मासे नेण्याने झाला नसता असा घोटाळा पाच मोठे नेल्याने होऊ शकतो. आमच्या मते क्लबांच्या स्पर्धांत सर्वांत वजनदार माशाला बक्षीस देण्याची पद्धत तत्काळ बंद व्हावी. लांबी मोजून, फोटो काढून, जिवंत सोडलेल्या माशांवर गुण द्या. चुरस तेवढीच राहील.

आता होडीकडे वळू. मुंबईत होड्या बाळगण्याची हौस जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. पण पूर्वी ही हौस साहेबाची आणि मोजक्या धनिकांची होती. आता फायबरचे हलके सांगाडे आणि बाहेर लावायची इंजिने आल्यामुळे मध्यमवर्गातल्या वरच्या थराला ती आवाक्यात वाटू लागली आहे. घेताना वाटते, ठेवताना वाटत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचे, तळाला चिकटणारे शिंपले खरवडायचे, वर्षाला रंग द्यायचा, पावसाळ्याआधी होडी काठावर ओढून शाकारून ठेवायची, नांगराच्या जागेचे भाडे आणि राखणदाराचा पगार द्यायचा. एवढे करून मालक रविवारी मोकळा असतो तेव्हा वारा पडलेला नसतो, आणि वारा पडतो तेव्हा मालक ऑफिसात असतो. पुष्कळ होड्या नांगरावरच म्हाताऱ्या होतात. दहा सदस्यांनी दहा होड्या बाळगण्यापेक्षा तीन-चार होड्या सामाईक ठेवून त्या खऱ्या वापरात आणाव्यात. पैसा वाचेल, बाऱ्यातली गर्दीही कमी होईल. मालकीचा अभिमान यात थोडा दुखावेल, हे मान्य.

सामाईक होडीवर एक कायमचा तांडेल ठेवता येतो, हा आणखी एक फायदा. नव्या मालकाला जीपीएसचा पडदा वाचता येतो, पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढता येत नाही. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. नारळी पौर्णिमेला मुंबईत दुपारी बाराच्या आगेमागे पूर्ण भरती असते, हे कोळ्याच्या पोराला पंचांग न उघडता कळते. अष्टमीच्या भांगेला पाण्याला ओढ नसते, उधाणाला असते. त्यावर मासा कुठे उभा राहील आणि परतताना खाडीचे तोंड कसे असेल, दोन्ही ठरते. ही विद्या विकत घ्यायची तर तिचे पैसे द्यावेत आणि पकडीच्या फोटोत तांडेलालाही उभे करावे.

छोट्या होडीकडे या शहराने संशयाने पाहावे, याला कारण आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा दहशतवादी पोरबंदरची ‘कुबेर’ ही नौका पळवून मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमारनगरला उतरले. त्यांना तिथे हटकले ते मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. त्यानंतर मच्छीमारांच्या गळ्यात ओळखपत्रे आली, नौकांवर ठळक क्रमांक आणि ठरावीक रंग आले, तपासण्या वाढल्या. तो जाच कोळी आजही सोसतात. हौशी होडीवाल्याने कागदपत्रांची कटकट होते म्हणून कुरकुरू नये. कुठे निघालो, किती जण आहोत, कधी परतणार, हे क्लबाच्या वहीत लिहूनच नांगर उचलावा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, पंधरा माणसे गेली, आणि त्यानंतर कुठे जीवरक्षक जाकिटांबाबत कडक धोरण आले. होडीत चार माणसे असली तर चार जाकिटे अंगावर हवीत, बाकाखाली नकोत. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये हवा. टेट्रापॉडवर उभ्या राहणाऱ्यांनी पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते ती साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी पाहावी. एवढे केले तरी अग्निशमन दलाच्या फेऱ्या कमी होतील.

राहता राहिला प्रश्न विक्रीचा, आणि इथे आमचे मत कडक आहे. हौशी माणसाने मासा विकू नये. चांगली तांब मिळाली की ओळखीच्या हॉटेलवाल्याला देऊन पेट्रोलचा खर्च काढायचा, ही रीत काही जणांत रुजते आहे. ज्याला दुसरे उत्पन्न आहे त्याने दोन हजारांसाठी कोळणीच्या टोपलीशी स्पर्धा करणे शोभत नाही. युरोपात हौशी पकड विकायला मनाई आहे. बंदीच्या दोन महिन्यांत इंजिनाच्या होडीतून गरी टाकणेही क्लबांनी स्वतःच वर्ज्य करावे, कायद्यात पळवाट सापडली तरी. कासव किंवा डॉल्फिन जाळ्यात सापडले तर जाळे कापून ते सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई देते. पोट भरण्याचे साधन कापायला जो तयार होतो, त्याच्या शेजारी हौशी माणसाने दोन महिने घरी बसणे फार मोठा त्याग नाही.

क्लबाच्या वहीत आणखी चार रकाने वाढवले की काम भागते: जात, लांबी, ठेवला की सोडला, आणि किती तास गरी पाण्यात होती. या वह्या वर्षाअखेरीस मत्स्यव्यवसाय विभागाने मागितल्या तर क्लबांनी नाक मुरडू नये. आणि क्लबांनी न मागता पाठवल्या, तर विभागाने त्या कपाटात धूळ खात ठेवू नयेत. आपल्याकडे दोन्ही गोष्टींची शक्यता सारखीच आहे.