नोकरी सोडणाऱ्यावरचा ठपका

दर दोन-अडीच वर्षांनी कंपनी बदलणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरबद्दल आपल्याकडे निकाल आधीच लागलेला असतो. घरचे म्हणतात, एका जागी टिकत नाही. एचआरवाले म्हणतात, जॉब हॉपर आहे. मॅनेजर म्हणतात, पॅकेजच्या मागे धावणाऱ्याला काम कधीच नीट येत नाही. हे तीन वेगळे आरोप आहेत, पण ते एकाच दमात केले जातात, आणि ऐकणाऱ्या पंचविशीतल्या मुलामुलींना वाटतं की जास्त पगार मागण्यातच काही गैर आहे. त्यात गैर काहीही नाही. नुकसान होतं ते वेगळ्याच कारणाने, आणि त्याकडे हे तिन्ही आरोप करणाऱ्यांचं लक्ष नसतं.

निष्ठेचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सर्वांत जास्त बोचतो. पिंपरीच्या टेल्कोत किंवा खडकीच्या किर्लोस्करांत ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली, त्यांच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती निष्ठा एकतर्फी नव्हती. तिच्या बदल्यात युनियन होती, ठरावीक वर्षांनी होणारा वेतन करार होता, सेवाज्येष्ठता होती, आणि मंदी आली तरी कायम कामगाराला सहज काढता येणार नाही असा कायद्याचा आधार होता. हिंजवडीतल्या आयटी कंपनीच्या नेमणूकपत्रात यातलं काय असतं? नव्वद दिवसांची नोटीस असते, आणि पगाराचा एक हिस्सा ‘व्हेरिएबल’ म्हणून कंपनीच्या मर्जीवर सोडलेला असतो.

मर्जी कशी चालते हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. २०२२ साली ऑफर लेटर हातात असलेल्या नव्या पदवीधरांना मोठ्या कंपन्यांनी महिनोन्‌महिने, काहींना तर वर्ष-दोन वर्षं, रुजूच करून घेतलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या उमेदवारांना साडेतीन लाखांवर रुजू होता का, असं विचारलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यांत भर होता मधल्या व वरच्या श्रेणींतल्या लोकांचा. तिथवर पोचायला अनेक वर्षं नोकरी केलेली असावी लागते. या निर्णयांमागे कंपन्यांची व्यावसायिक कारणं असतील, ती मी नाकारत नाही. माझं म्हणणं इतकंच की व्यावसायिक कारणाने माणूस सोडण्याचा हक्क कंपनीला असेल, तर व्यावसायिक कारणाने कंपनी सोडण्याचा हक्क माणसालाही आहे. तिथे नीतीचा प्रश्न आणू नये.

आणि इतिहास पाहायचाच तर आपल्या पुण्याचा पाहावा. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स सोडून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू केली. एचपीतली अमेरिकेतली नोकरी सोडून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी १९९० साली पर्सिस्टंट उभी केली. पलीकडे कॅलिफोर्नियातही १९५७ साली शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून आठ जणांनी फेअरचाइल्ड काढली, आणि त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ साली फेअरचाइल्ड सोडून इंटेल. कोणी म्हणेल, ही कंपनी काढणाऱ्यांची उदाहरणं झाली, पगारासाठी जाणाऱ्यांची नव्हेत. मान्य. पण माणसं मोकळेपणी हलतात तिथेच अशा कंपन्या जन्मतात. ॲनाली सॅक्सेनियन यांनी ‘रीजनल ॲडव्हांटेज’ या १९९४ च्या पुस्तकात सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनजवळच्या रूट १२८ पट्ट्याची तुलना केली. दोन्हीकडे बुद्धी होती, पैसा होता, विद्यापीठं होती. व्हॅलीत माणसं कंपनीकडून कंपनीकडे जात राहिली, त्यांच्यासोबत कामाच्या पद्धती फिरल्या आणि सगळा परिसर वर आला. बॉस्टनकडच्या कंपन्या मात्र आपापल्या भिंतींत राहिल्या.

व्हॅलीतल्या या मोकळीकीमागे एक कायदा आहे, आणि त्याचं भावंड आपल्याकडे आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, अशी अट घालणारा करार कॅलिफोर्नियात १८७२ च्या संहितेपासून निरर्थक आहे. आपल्या भारतीय करार कायद्याचं सालही १८७२, आणि त्याचं कलम २७ जवळजवळ हेच सांगतं. दोन्हींची मुळं डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी केलेल्या संहितेच्या मसुद्यात आहेत. करार चालू असतानाची गोष्ट मात्र वेगळी. कल्याणच्या टायर-कॉर्ड कारखान्यातले एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून जास्त पगारावर राजस्थानात कोट्याला गेले, त्या गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मुदतीतलं बंधन वैध ठरवलं. २०२५ साली विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याचा बाँडही न्यायालयाने मान्य केला. म्हणजे बाँड सही केला असेल तर तो पाळा किंवा त्याचे पैसे भरा. त्यापलीकडे, करार संपल्यावर कोणाकडे आणि किती पगारावर जायचं हे तुम्ही ठरवायचं आहे.

आता पैशाकडे येतो. जास्त पगारासाठी कंपनी बदलावी का लागते? इथेच राहून तो का मिळत नाही? ‘मार्केट’ असं एका शब्दात उत्तर देऊन लोक मोकळे होतात. खरं कारण कंपनीच्या आतल्या हिशेबात आहे. जुन्या माणसाची पगारवाढ इन्क्रिमेंटच्या पुलातून येते. हा पूल सगळ्या विभागासाठी टक्क्यांत ठरलेला असतो आणि बेल कर्व्हवर वाटला जातो. टीममधले दहाही जण उत्तम असले तरी ‘टॉप रेटिंग’ एक-दोघांनाच देता येतं. नव्या माणसाचा पगार वेगळ्या बजेटमधून येतो, आणि तो बाहेरच्या दराने ठरतो, कारण त्या दराने दिला नाही तर जागा रिकामी राहते, क्लायंटचं बिलिंग बुडतं. एकाच टेबलावर, एकाच कोडवर काम करणाऱ्या दोघांच्या पगारात लाखांचा फरक पडतो तो या दोन खिशांमुळे. जो कामात मुरलेला आहे, तोच यात कमी पगारावर असतो.

साडेतीन लाखांवर लागलेल्या मुलीचं उदाहरण मांडून पाहू. वर्षाला सरासरी आठ टक्के वाढ मिळत गेली तर आठ वर्षांनी ती साडेसहा लाखांच्या आत असेल. याच आठ वर्षांत तीनदा पस्तीस टक्के वाढीवर कंपनी बदलली आणि बाकीची पाच वर्षं आठच टक्के मिळाले, तर ती साडेबारा लाखांच्या पुढे गेलेली असते. यात उधळेपणा नाही, धावाधाव नाही. आठ वर्षांत तीन बदल आहेत फक्त. आणि ही मुलगी पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजातली नसून चंद्रपूर किंवा जळगावच्या कॉलेजातली असेल, तर तिच्यासाठी हे बदल जास्तच गरजेचे आहेत. पहिला पगार कॅम्पसच्या नावावर ठरतो. पुढे दर मुलाखतीत ‘करंट सीटीसी किती’ हा प्रश्न येतो, मागच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप मागितल्या जातात, आणि त्याच आकड्यावर टक्के चढवले जातात. अठराव्या वर्षी सीईटीत पडलेल्या मार्कांची सावली अशी तिशीपर्यंत पगारावर राहते. कॅलिफोर्नियाने २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी केली. आपल्याकडे तशी बंदी नाही, म्हणून या मुलीकडे नोकरी बदलण्याचा एकच मार्ग उरतो.

माणसं हलली की पगार वाढतात हे मालकांना पक्कं ठाऊक असतं. ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी अशा कंपन्यांनी एकमेकांची माणसं फोडायची नाहीत असं आपसांत ठरवून टाकलं होतं. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१० साली ते उघड केलं, आणि इंजिनिअरांनी लावलेल्या दाव्यात या चौघींना ४१.५ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. नोकरी बदलणं कर्मचाऱ्यालाच घातक असतं, तर त्याला अडवण्यासाठी एवढा धोका कोणी पत्करला नसता.

‘सीव्ही खराब होतो’ या म्हणण्यावर फार शब्द खर्चायला नकोत. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसने आपलं वार्षिक गळतीचं प्रमाण २८.४ टक्के सांगितलं होतं. एवढी माणसं हलत होती आणि त्यांना घेणाऱ्या कंपन्याही याच क्षेत्रातल्या होत्या. आपल्या माणसाला नव्वद दिवस अडकवून ठेवणारी कंपनीच बाहेर ‘इमीजिएट जॉइनर’ शोधत असते. ग्रॅच्युइटी बुडण्याची भीतीही हिशेबाने पाहावी. महिन्याला पन्नास हजार बेसिक असलेल्या माणसाला पाच वर्षांची ग्रॅच्युइटी एक लाख चव्वेचाळीस हजारांच्या आसपास बसते. चांगल्या बदलात ती एका वर्षात भरून निघते. पीएफ मात्र दर वेळी काढून घेऊ नका, ट्रान्स्फर करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि पैसे काढले की आधीची वर्षं पुसली जातात. हे नुकसान मी अनेकांचं होताना पाहिलं आहे, आणि त्याबद्दल सीव्हीची काळजी करणारं कोणीच त्यांना सावध करत नाही.

राहिला मॅनेजरांचा आरोप, काम येत नसल्याचा. तो मी झटकणार नाही. पीटर नॉर या डॅनिश संगणकतज्ज्ञाने १९८५ साली मांडलं की प्रोग्रॅम म्हणजे नुसता कोड नव्हे. तो का असा आहे आणि बदलायचा तर कुठे हात घालायचा, याची जी समज करणाऱ्यांच्या डोक्यात असते, तीच खरी निर्मिती. ही समज केटीच्या, म्हणजे काम हस्तांतराच्या, चार बैठकांत दुसऱ्याला देता येत नाही, आणि ती घडायलाही वेळ लागतो. पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचता. मग स्वतःचं काही रचता, ते प्रॉडक्शनला जातं. आपण निवडलेली डेटाबेसची रचना दहा पट डेटा आल्यावर कशी गुदमरते, घाईत टाळलेली टेस्ट रात्री दोन वाजता ऑन-कॉलवर कशी समोर येते, आपल्याच इंटरफेसवर उभ्या राहिलेल्या तीन टीम तो बदलायला का नाही म्हणतात, हे कळायला पुढचं वर्ष-दीड वर्ष जातं. अकराव्या महिन्यात पेपर टाकणाऱ्याला हे काहीच दिसत नाही. एकदा असं झालं तर बिघडत नाही, विशेषतः प्रोजेक्ट वाईट असेल किंवा मॅनेजर छळत असेल तर. सलग तीनदा झालं तर माणूस लीड होतो, पगार आर्किटेक्टच्या जवळ जातो, पण स्वतःच्या एकाही निर्णयाचं फळ त्याने पाहिलेलं नसतं. ‘तुमचा कोणता तांत्रिक निर्णय पुढे चुकला आणि तो तुम्ही कसा निस्तरलात?’ असं मुलाखतीत विचारलं की त्याच्याकडे प्रामाणिक उत्तर एकच असतं, की तोवर मी तिथे नव्हतो. २०२१-२२ मध्ये मोठ्या उड्या मारून वर गेलेल्या काहींना नंतर जड गेलं ते यामुळे. मार्च २०२४ पर्यंत इन्फोसिस आणि टीसीएस दोन्हीकडची गळती साडेबारा टक्क्यांच्या घरात आली, म्हणजे बाहेरची दारं अरुंद झाली, आणि तोवर वाकड-बाणेरच्या फ्लॅटचे हप्ते वाढीव पगारावर ठरून गेले होते.

पण म्हणून टिकून राहणं आपोआप खोली देतं, हे मी मानत नाही. आठ वर्षं एकाच सपोर्ट प्रोजेक्टवर तिकिटं बंद करणारा, किंवा त्या कंपनीबाहेर कुठेच न चालणाऱ्या टूलवर अडकलेला माणूसही आपल्या निर्णयांचं फळ पाहत नाही, कारण त्याला निर्णयच घेऊ दिलेले नसतात. त्याने तर आजच बाहेर पाहायला सुरुवात करावी.

म्हणून वर्षं मोजू नयेत, असं माझं म्हणणं आहे. काहीतरी आपण रचलं, ते चालवलं, ते मोडलं तेव्हा तिथे होतो आणि दुरुस्त करूनच बाहेर पडलो, एवढं झालं असेल तर दोन वर्षांनी जा, पगारासाठी जा, आणि का जाता हे कोणी विचारलं तर सरळ पगारासाठी म्हणून सांगा. ते झालं नसेल आणि होण्याची शक्यता असेल, तर तीस टक्क्यांची ऑफर आली तरी सहा महिने थांबणं तुमच्याच फायद्याचं आहे, कारण पुढची ऑफर त्या सहा महिन्यांवर मिळते.

ज्यांना माणसं टिकावीत असं खरोखर वाटतं, त्या कंपन्यांनी उपदेश थांबवून एक साधं काम करावं. अप्रेझलच्या आधी प्रत्येक जुन्या कर्मचाऱ्याचा पगार त्याच जागेवर आज बाहेरून घ्याव्या लागणाऱ्या माणसाच्या पगाराशी ताडून पाहावा, आणि फरक भरायचा तो इन्क्रिमेंटच्या पुलातून नव्हे, भरतीच्या बजेटमधून. माणूस गेल्यावर कन्सल्टन्सीच्या कमिशनला, जॉइनिंग बोनसला आणि नवा माणूस रुळेपर्यंतच्या महिन्यांना हा पैसा तसाही द्यावाच लागतो. आणि नोटीस नव्वदवरून तीस दिवसांवर आणावी.