भोगीच्या भाजीत ब्रसेल्स स्प्राउट: कार्यकारिणीची बाजू

तिळगूळ घ्या, गोड बोला.

हे वाक्य यंदा जरा जोर देऊन लिहावे लागत आहे, कारण संक्रांतीच्या स्नेहभोजनानंतर आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर जी चर्चा झाली, तिच्यात तीळ पुष्कळ होता, गूळ मात्र दिसला नाही. विषय सर्वांना ठाऊक आहे. भोगीच्या भाजीत वालपापडीऐवजी ब्रसेल्स स्प्राउट घालायचे, असा निर्णय कार्यकारिणीने डिसेंबरच्या बैठकीत घेतला. तो इतिवृत्तात नोंदवलेला आहे. बैठकीचे निमंत्रण सर्व सभासदांना गेले होते. कार्यकारिणीबाहेरून कितीजण आले, हे न लिहिलेलेच बरे.

आलेल्या तक्रारी तीन प्रकारच्या आहेत. मंडळाने पैसे वाचवायला हे केले, ही पहिली. भोगीसारख्या सणाच्या भाजीत परकी भाजी नको, ही दुसरी. आणि भाजी कडू होती, तिला वास येत होता, ही तिसरी. प्रत्येकीला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कोणाही सभासदाचे मन दुखवावे असा यामागे हेतू नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पैशाचे उत्तर सरळ आहे. होय, पैसे वाचले. ताजी वालपापडी इथे इंग्लंडमध्ये भारतातून नाही तर केनियातून विमानाने येते आणि जानेवारीत तिचा भाव ऐकून खजिनदार खुर्चीतच बसून राहतात. उलट नाताळापूर्वी इथल्या सुपरमार्केटांत भाज्या स्वस्त विकण्याची चढाओढ लागते आणि स्प्राउटची पिशवी काही पेन्सांत मिळते. नाताळ सरल्यावर भाव चढला तरी वालपापडीपेक्षा तो कमीच असतो. हॉलचे भाडे वाढले आहे, वर्गणी मात्र वाढवलेली नाही. वाचलेल्या पैशांतून पांढरे लोणी आणले, आणि त्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही.

दुसरा मुद्दा परंपरेचा, आणि तो आम्हीही हलक्यात घेत नाही. 'न खाई भोगी तो सदा रोगी' हे आपण सगळेच ऐकत वाढलो. पण भोगीला आपण नेमके खातो काय? पौषात शेतात जे उभे असते ते: हरभऱ्याचे ओले घाटे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे, त्यावर तिळाचे कूट आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. कोणी या भाजीला खेंगट म्हणते, कोणी लेकुरवाळी. कोल्हापूरकडची वेगळी, पुण्याची वेगळी, मराठवाड्यातली आणखी वेगळी. यांतली कोणतीच भाजी चुकीची नाही, हे आम्ही ठळकपणे नमूद करतो, कारण मागे पुरणपोळी कटाच्या आमटीबरोबर वाढावी की दुधाबरोबर, यावरून काय झाले ते सर्वांच्या लक्षात असेलच.

भोगी म्हणजे त्या मातीतले त्या दिवसांतले पीक, हे एकदा मान्य केले की इंग्लंडमध्ये जानेवारीत शेतात काय उभे असते, हे पाहावे लागते. लिंकनशरमधून गाडीने जाताना रस्त्याच्या कडेला पाहा. दोन-अडीच फुटांचे जाड दांडे ओळीने उभे असतात. प्रत्येक दांड्याला बुडापासून वरपर्यंत सुपारीपेक्षा थोडे मोठे हिरवे गड्डे एकाला एक चिकटून बसलेले असतात आणि माथ्यावर पानांचा झुपका. बाकी शेते उघडी पडलेली असताना हे पीक हिमात तग धरून राहते. उलट कडाक्याच्या थंडीत ते झाड आपल्यातील पिष्टाची साखर करते, म्हणून दहिवर खाल्लेला स्प्राउट चवीला गोड लागतो. संक्रांतीच्या सुमारास तो चांगलाच लागतो, तो यामुळे.

परकेपणाचे म्हणाल, तर कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि ब्रसेल्स स्प्राउट या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीच्या भाज्या आहेत. माणसाने कुठे पान वाढवले, कुठे फूल, कुठे खोड, आणि इथे पानांच्या बगलेतला कोंब. फ्लॉवरचे बी इंग्रजांनी १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत आणून लावले. आज फ्लॉवर-मटार-बटाट्याचा रस्सा नसलेली मराठी पंगत शोधावी लागेल. सख्ख्या भावाला पाटावर बसवायचे आणि याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे कार्यकारिणीला पटले नाही. तरीही ज्यांच्या घरी भोगीचा नैवेद्य असतो त्यांच्या भावना लक्षात घेऊन नैवेद्याच्या ताटातली भाजी वेगळी, स्प्राउटविना केली होती. ही गोष्ट टीका करणाऱ्या एकाही संदेशात आलेली नाही.

आता चवीचा मुद्दा. यात दोन्ही बाजूंचे म्हणणे काही अंशी खरे आहे, आणि हे आम्ही केवळ सर्वांना सांभाळून घेण्यासाठी म्हणत नाही.

स्प्राउटला कडवटपणा येतो तो सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन या गंधकयुक्त द्रव्यांमुळे. सिनिग्रिन आपल्या स्वयंपाकघरात नवे नाही, ते मोहरीतही असते. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जी नाकात चढते, ती याच द्रव्याची करामत. दाणा कुटून ओला केला की त्यातले एक विकर मोकळे होते आणि सिनिग्रिनचे झणझणीत तेल बनवते. तीच मोहरी गरम तेलात तडतडली की विकर निकामी होते आणि झणका उरत नाही. स्प्राउटचेही असेच आहे. म्हणून कच्चा चिरलेला स्प्राउट तिखटसर लागतो, चटकन परतलेला सौम्य लागतो. आणि तो उष्णतेवर तसाच ठेवला, तर गंधकाची द्रव्ये फुटून तो उग्र वास सुटतो, ज्याच्यासाठी ही भाजी बदनाम आहे.

सत्तरच्या दशकात इथे आलेल्या आपल्या ज्येष्ठ डॉक्टर सभासदांनी रुग्णालयांच्या कँटीनमध्ये जे स्प्राउट खाल्ले, ते तासभर उकळलेले तर असतच, शिवाय त्या काळचे वाणही जास्त कडू होते. १९९०च्या दशकात हान्स व्हान डोर्न या डच शास्त्रज्ञाने कडूपणाला सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन ही दोन द्रव्ये जबाबदार असल्याचे दाखवले. मग बियाणे कंपन्यांनी जुने, कमी कडू वाण शोधून त्यांचा भरघोस पिकणाऱ्या वाणांशी संकर केला. आजचा स्प्राउट त्या स्प्राउटचा वारस असला, तरी स्वभावाने बराच निवळला आहे. काकांनी आणि मावशींनी पन्नास वर्षांपूर्वीचा राग आजच्या भाजीवर काढू नये, ही नम्र विनंती.

पण ज्यांना आजही तो कडूच लागतो, ते उगीच नखरे करतात असे मुळीच नाही. १९३१ साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसी नावाची भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याचे तोंड कडू झाले, फॉक्स यांना मात्र काहीच लागले नाही. पुढे कळले की हा फरक जन्मजात असतो. टास२आर३८ या जनुकाच्या रूपाप्रमाणे काहींच्या जिभेला अशी द्रव्ये तीव्र कडू लागतात, काहींना जवळजवळ नाहीच. एकाच घरात नवरा-बायकोचे यावरून दुमत असू शकते, मग मंडळात असले तर नवल काय? लहान मुलांना तर कडू चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते. तेव्हा 'तुम्हाला चव कळत नाही' असे एकमेकांना लिहिणे थांबवावे.

आता त्या दिवशी काय झाले, ते स्वच्छ शब्दांत. जेवण साडेबाराला असल्याचे तीन वेळा कळवले होते. स्वयंसेवक भगिनींनी भाजी बाराला तयार ठेवली. गाजर आणि हरभरा शिजलेले, वांगी मऊ, आणि स्प्राउट अर्धे चिरून शेवटी घातलेले, हिरवेगार, दाताखाली किंचित करकरीत. जे वेळेवर आले त्यांनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली, यात टीकाकारांपैकीही काहीजण होते. साडेबाराला मात्र हॉल अर्धाही भरला नव्हता. नोंदणी केलेल्यांपैकी बरेच आलेच नाहीत, आणि आलेल्यांपैकी बरेच दोनच्या सुमारास आले. तोवर ट्रे झाकणाखाली, खाली बर्नर पेटलेला. दोनला झाकण उघडले तेव्हा स्प्राउटचा रंग शेवाळी झाला होता आणि वाफेबरोबर जो वास आला, त्याचे वर्णन गटावर आधीच सविस्तर झालेले आहे. वर लिहिलेले रसायनशास्त्र वाचून दोष कोणाचा, हे सुज्ञ सभासदांनीच ठरवावे. येण्यास उशीर झालेल्यांत लहान मुले असलेली कुटुंबे आणि लांबून येणारेही होते, त्यांची अडचण आम्ही समजू शकतो.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी पाककृती समितीने काढलेले निष्कर्ष देत आहोत.

गड्डे लहान, घट्ट आणि वजनदार घ्यावेत. वरची पिवळी पाने आणि देठाच्या टोकाचा काळपट काप काढून टाकावा. देठावर फुलीचा छेद देण्याची इंग्रजी पद्धत टाळावी, त्यातून पाणी आत शिरते. सरळ दोन भाग करावेत. ते मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत, कापलेली बाजू खाली ठेवून मोठ्या आचेवर परतावेत. झाकण ठेवू नये. पाच-सहा मिनिटांत होतात. वरून खोबरे, कोथिंबीर, लिंबू.

कोबीसारखे बारीक चिरून, भिजवलेली हरभरा डाळ घालून केलेली भाजी मुले सहज खातात, कारण त्यांना तो कोबीच वाटतो. पीठ पेरून केलेली भाजीही छान लागते, पण बेसन आधी कोरडे भाजून घ्यावे. कडू लागणाऱ्यांसाठी कारल्याला जो उपाय तोच इथे: चिंच, गूळ, गोडा मसाला आणि दाण्याचे कूट. ओव्हन असेल तर तेल, तिखट, मीठ चोळून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत भाजावेत आणि वर तिळकूट भुरभुरावे. भोगीच्या भाजीत स्प्राउट सर्वांत शेवटी, आणि भाजी उतरवल्यावर लगेच वाढावी.

वॉरफरिन घेणाऱ्या सभासदांसाठी एक सूचना. या भाजीत के जीवनसत्त्व भरपूर असते, त्यामुळे ती खाण्याचे प्रमाण एकदम वाढवू नये आणि आपल्या जीपीला विचारावे. मंडळात डॉक्टर पुष्कळ असले तरी हळदीकुंकवाच्या रांगेत त्यांना गाठू नये.

पुढच्या वर्षाचे काय? कार्यकारिणी आपल्या निर्णयावर ठाम आहे, पण हट्टाला पेटलेली नाही. पुढील भोगीला दोन ट्रे ठेवू: एकात स्प्राउट, दुसऱ्यात पावटा. पावटा गोठवलेला चालेल का, हे पावट्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी एकमताने कळवावे. ताजाच हवा असेल, तर त्याचा वाढीव खर्च ऐच्छिक देणगीतून उचलावा लागेल.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी काही विनंत्या. नोंदणी करताना मुलांची संख्या वेगळी लिहावी. येणे रद्द झाल्यास निदान दोन दिवस आधी कळवावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तसे नोंदवावे, आयत्या वेळी वाढपींशी वाद घालू नये. उरलेले अन्न नेण्यासाठी डबे घरून आणावेत. भाजी चिरायला सकाळी नऊला किमान सहाजण हवेत. या वेळी पुरुष सभासदांनीही नावे द्यावीत, आजवर ती यादी कोरीच राहिली आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत सहचिटणीस आणि भोजन व्यवस्था प्रमुख ही दोन पदे रिकामी होत आहेत. गटावर ज्यांनी तपशीलवार सूचना केल्या, त्यांच्यापैकी प्रत्येकाला उमेदवारी अर्ज वैयक्तिकरीत्या पाठवला आहे. अर्ज भरून सभेच्या एक आठवडा आधी चिटणीसांकडे द्यावा. वर्गणी थकलेल्यांना मतदान करता येणार नाही, याची नोंद घ्यावी.

आपले स्नेहांकित,
कार्यकारिणी आणि संपादक मंडळ