चहा नको, पक्के बिल द्या!

आमचे घर जुने, धाब्याचे. दर वर्षी मृग लागण्याआधी धाब्यावर माती टाकायची, ती तुडवून बसवायची आणि तरीही श्रावणात घरभर पातेली मांडून गळती धरायची, हा आजोबांपासूनचा शिरस्ता. गेल्या वर्षी कापसाचे थोडे पैसे हाती राहिले. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने आणि घरच्यांनी मिळून धोशा लावला, तेव्हा दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा ठरला. धरणगावच्या बाजारातून चाळीस गोण्या सिमेंट घेतले.

दुकानाचे नाव इथे देत नाही, कारण तक्रार एका दुकानाची नाही. शेठने खुर्ची दिली, चहा मागवला, पोराबाळांची, पीकपाण्याची विचारपूस केली. पैसे मोजून झाल्यावर मी बिलाचे काढले, तर हसून म्हणाले, ‘‘दादा, तू आपला घरना माणूस, बिल कसाले?’’ खरे सांगायचे तर मलाही बरे वाटले. घरचा माणूस म्हटल्यावर आणखी काय हवे? वहीचा एक चतकोर फाडून त्यांनी ‘सि. ४०’ असे लिहिले, खाली रक्कम टाकली आणि चिठ्ठी हातात दिली.

स्लॅबच्या दिवशी मिस्तरीने गोण्या फोडायला सुरुवात केली. बाराव्या गोणीत हाताला गोळे लागले. बोटांनी दाबून फुटेनात. अशा एकूण पाच गोण्या निघाल्या. मिस्तरी म्हणाला, ‘‘भाऊ, हे डोक्यावरचं काम आहे, यात हा माल टाकायचा नाही.’’ मजूर खोळंबलेले, मिक्सर भाड्याने आणलेला. भरायला घेतलेला स्लॅब मध्येच सोडता येत नाही. मुलाला पिटाळून दुसऱ्या दुकानातून रोखीने पाच गोण्या आणल्या तेव्हा काम पुरे झाले.

दुसऱ्या दिवशी गोण्या घेऊन शेठकडे गेलो. आता खुर्चीही नव्हती आणि चहाही नव्हता. ‘‘तुमच्या ओट्यावर ओल लागली असेल,’’ एवढेच उत्तर. मी चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, सिमेंट कोणत्या कंपनीचे तेही नाही. ‘सि. ४०’ म्हणजे सिमेंट, हेसुद्धा मलाच सिद्ध करावे लागले असते. मग गोणीवरचा छापा वाचला. सिमेंट कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तयार झाले ते गोणीवर छापलेले असते. माल सात महिन्यांचा जुना होता. तीन महिने उलटले की साठवणीतल्या सिमेंटची ताकद उतरू लागते, हे गवंड्याच्या पोरालाही ठाऊक असते. पण घेताना मी गोणी उलटून पाहिली नव्हती. चहा पीत बसलो होतो.

वास्तविक हे गाव व्यापाराचे. सतराव्या शतकात इंग्रजांनी इथे वखार घातली ती इथला कापडाचा व्यापार पाहूनच. देणे-घेणे, वजन-माप, भाव-ताव आपल्याला कुणी शिकवायला नको. मंडीत कापूस नेला तर काट्यावरची नजर आपण हलू देत नाही. मग सिमेंट, पत्रे, फरशी, रंग घेताना आपण इतके भिडस्त का होतो?

याचे एक कारण जुने आहे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते तेव्हा घराला चार गोण्या लागल्या तरी परमिटसाठी खेटे घालावे लागत. याच सिमेंटच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण गेले. आज गोदामे भरलेली आहेत. पण ‘मिळाले हेच उपकार’ ही सवय मात्र अंगातून गेलेली नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे, ते म्हणजे उधारी. घरकुलाचेच उदाहरण घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरासाठी केंद्राने ठरवलेले मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. आधी काम पुढे न्यायचे, त्याचा फोटो जायचा, मग पुढचा हप्ता. तोवर माल कुठून आणायचा? दुकानदाराकडूनच, हप्ता आल्यावर देतो या बोलीवर. ज्याच्या वहीत आपले नाव लिहिलेले आहे, त्याला ‘माल खराब आहे’ कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि बाई एकटी असली तर विचारूच नका. आमच्या गल्लीतल्या एका मावशीने दोन दारांचा भाव विचारला, तर ‘‘घरातलं कोणी माणूस पाठवा’’ म्हणून तिला वाटेला लावले. घर तिच्या नावावर, बँकेचे खाते तिचे, आणि भाव मात्र तिला सांगायचा नाही!

आता बियाण्यांचा विचार करा. पिशवी, टॅग, पावती आणि थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा, असे कृषी विभाग दर खरिपाला सांगतो आणि आपण ते ऐकू लागलो आहोत. उगवण झाली नाही तर ही पावतीच बोलते, हे ठेचा खाऊन आपण शिकलो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ‘ग्राहक’च आहे, यावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केले. एका हंगामाच्या बियाण्याची पिशवी आपण ट्रंकेत ठेवतो, आणि जो स्लॅब पुढची तीस-चाळीस वर्षे नातवंडांच्या डोक्यावर राहणार, त्याची पावती मागायला लाजतो. हा कुठला हिशेब?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा २४ डिसेंबर १९८६ चा. म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. खराब माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. तेव्हा ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. दाद जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत मागता येते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा फोन आहे. पण यातल्या प्रत्येक दाराची किल्ली एकच, ती म्हणजे पावती.

‘‘पक्के बिल हवे तर कर वेगळा पडेल,’’ असे हमखास ऐकवले जाते. सिमेंटच्या गोणीवर छापलेली कमाल किंमत सगळे कर धरून असते. बिल घेतले म्हणून तिच्यावर एक पैसा जास्त घेता येत नाही. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याचा लाभ आपल्याला मिळाला की नाही, हेदेखील बिलावरूनच कळणार.

दुकानदारांवर नुसता राग काढून भागणार नाही. हप्ता येईपर्यंत थांबणारा तोच असतो. रात्री-बेरात्री गोदाम उघडून खिळे-तार देणाराही तोच. खराब माल वरचा वितरक परत घेत नाही, ही त्याची अडचणही खरी. पण बिलावर कंपनीचे नाव आणि बॅच नंबर असेल तर त्यालाही वर भांडता येते. शिवाय नव्या कायद्याने सदोष मालाची जबाबदारी थेट उत्पादकावरही टाकली आहे. उधारीचा मालही बिलावरच द्यावा; म्हणजे काय नेले, कधी नेले, बाकी किती, यावरून दोघांतही वाकडे येणार नाही.

तेव्हा शेतकरी बांधवांनो आणि मायबहिणींनो, साधी चार पथ्ये पाळा. गोणीवरची तारीख आणि आयएसआयचा शिक्का दुकानातच पाहा. पत्रे घेताना गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे ध्यानात ठेवा. २४ गेजचे पैसे देऊन २६ गेजचा घरी आणू नका. फरशीच्या सगळ्या खोक्यांवर शेड आणि बॅच एकच आहे ना ते बघा, नाहीतर एकाच खोलीत दोन रंग दिसतील. आणि नाव, तारीख, कंपनी, नग असे सगळे लिहिलेले बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

यंदा फरशी घ्यायला त्याच शेठकडे गेलो. गाव सोडून कुठे जाणार? चहा आला. मी म्हटले, ‘‘शेठ, चहा मागून घेऊ, आधी बिल.’’ त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, ड्रॉवर उघडून बिलबुक काढले आणि बॅच नंबरासकट लिहून दिले. मग चहा घेतला. आता ते बिल ट्रंकेत बियाण्याच्या टॅगशेजारी आहे. घरच्या माणसालाही बिल देता येते, फक्त मागणारा हवा.