कोपरखैरण्यात दंगल झाली, भिवंडी मात्र शांत राहिली होती, असं का?

25 जुलै 2018 ची तारीख आपल्याकडच्या बऱ्याच घरांना आठवत असेल. मराठा आरक्षणासाठी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत बंद होता. दुपारी बंद मागे घेतल्याचं जाहीर झालं, तरी कोपरखैरणे आणि कळंबोलीत दगडफेक, जाळपोळ सुरूच राहिली. कोपरखैरण्यात जखमी झालेला एक तरुण पुढे दगावला. अफवा थांबवायला मोबाईलचं इंटरनेट बंद करावं लागलं.

पाटण, जावळीकडची कितीतरी माणसं वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. राहायला कोपरखैरणे, घणसोली. शेजारी मूळचे आगरी-कोळी. त्यांच्या जमिनी सिडकोने घेतल्या, मोबदल्यासाठी 1984 साली गोळीबारात पाच जण गेले. म्हणजे एकाची जमीन गेलेली, दुसरा पोटासाठी गाव सोडून आलेला. दोघंही मराठीच. आंदोलन होतं सरकारविरुद्ध, पण गल्लीत त्याला 'इथले' आणि 'बाहेरचे' असं वळण लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

अशा वेळी लोक विचारतात, महापालिका काय करत होती? अमेरिकेत बऱ्याच शहरांत पोलीसप्रमुख महापौरच नेमतो. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. नवी मुंबईत महापालिका आयुक्त वेगळे, पोलीस आयुक्त वेगळे. लाठी महापालिकेच्या हातात नाहीच. तिच्या हातात रस्त्यावरचे दिवे, मैदानं, मंडपाची परवानगी आणि भडकाऊ बॅनर उतरवणं. ही कामं किरकोळ वाटतात, पण बहुतेक भांडणं सुरू होतात ती बॅनर, मिरवणूक आणि अंधाऱ्या कोपऱ्यावरूनच. शिवाय 2020 नंतर बरीच वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. नगरसेवक कसाही असो, रात्री अकराला दोन्हीकडच्या पोरांना नावाने हाक मारणारा तोच असतो. अधिकाऱ्याची तर बदली होते.

आता भिवंडीचं बघा. तिथे 1984 ला मोठी दंगल झाली. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि नुसते पुढारी नाहीत, रोजची कामं करणारी साधी माणसंही. काही घडलेलं नसतानाही या समित्या बसायच्या. नळाचं भांडण, पोरांची मारामारी, असलंच बोलणं. पण त्यातून हवालदार ओळखीचा झाला, समोरच्या गल्लीतला माणूस ओळखीचा झाला. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ते पाहून पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या.

शांतता समित्या आजही सगळीकडे आहेत. गणपती, ईदच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक होते. महापालिकेचा माणूस येतो, महावितरणचा येतो, चहा होतो, फोटो निघतो. मग पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला फोन करत नाही. माझ्या मते खरी गडबड इथेच आहे. ओळख नसली की व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ खरा की तीन वर्षांपूर्वीचा, हे विचारायला समोरच्या बाजूचा एकही नंबर आपल्याकडे नसतो. मग नेट बंद करणं एवढंच सरकारच्या हातात उरतं, आणि नेट बंद झालं की गावाकडच्या आई-बापाला पोरगा कुठे आहे हेही नीट कळत नाही.

आपल्याकडे यावरचा उपाय 15 ऑगस्ट 2007 लाच आला होता, आर. आर. आबांच्या काळात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. गावचा तंटा गावात मिटवायचा, समिती ग्रामसभेत निवडायची. सुरुवातीला बक्षिसासाठी का होईना, गावं झटून कामाला लागली. बांधाची, भावकीची जुनी भांडणं मिटली. आता किती ठिकाणी समितीचा अध्यक्ष निवडीच्या दिवशी हार घालून घेतो आणि पुन्हा दिसत नाही, ते तुम्हालाच ठाऊक.

तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली होती, ते एकदा ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारून बघा.