बांडगूळ आणि दोन फुलटोचे

डहाणू व तलासरी तालुक्यांतील आंबा-चिकूच्या वाड्यांत बांडगूळ माजले की त्याचे खापर एका चिमुकल्या पाखराच्या माथी फोडले जाते. हे पाखरू म्हणजे फुलटोचा. परंतु त्याच्या दोन जाती आपल्या वाड्यांत वावरतात, आणि दोहोंची रीत निराळी आहे.

टिकेलचा फुलटोचा चिमणीहून पुष्कळ लहान. पाठ मळकट हिरवट, चोच बारीक, किंचित वाकडी व मांसवर्णी. जाड चोचीचा फुलटोचा त्याहून थोडा मोठा; चोच आखूड व करडी, छातीवर पुसट रेघा, आणि बसल्या जागी शेपटी दोन्ही बाजूंस हलविण्याची त्यास खोड.

पहिला बांडगुळाचे पिकले फळ गिळतो. काही मिनिटांतच चिकट बी विष्ठेवाटे बाहेर पडते. तोवर तो पुष्कळदा दुसऱ्या झाडावर गेलेला असतो. दुसरा गर तेवढा खातो व बी चोचीने फांदीस पुसून टाकतो; ते बहुधा त्याच झाडास चिकटते. म्हणजे एक उपद्रव दूर नेतो, दुसरा जागच्या जागी वाढवितो. कोकणातील या व्यवहारावर सालीम अली यांनी १९३१ साली निबंध प्रसिद्ध केला होता.

मग पाखरे मारावीत काय? आमचे मत याच्या अगदी उलट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांस संरक्षण आहेच; शिवाय ती कीटक व कोळीही टिपतात. फळ आपण पिकू देतो, पाखरू ते खाते. यात अपराध कोणाचा? बांडगूळ फुलावर असतानाच काढावे. नुसते वरून ओरबाडल्यास ते पुन्हा फुटते, कारण त्याची मुळे लाकडात शिरलेली असतात. सबब ते जडले असेल त्याच्या खालून फांदी कापावी व जखमेस बोर्डो मलम लावावे.

तथापि एकट्याने हे करून भागणार नाही. महसूल खात्यात आमची हयात हद्दी व सातबारे लिहिण्यात गेली. फुलटोच्यास मात्र बांध ठाऊक नाही. एकाने वाडी साफ केली आणि शेजारच्या परगावी राहणाऱ्या मालकाचा आंबा बांडगुळाने लगडलेला राहिला, तर पहिल्याचे श्रम व मजुरी दोन्ही व्यर्थ. रस्त्याकडेच्या झाडांस तर कोणीच वाली नसतो. याकरिता गावोगाव एक आठवडा ठरवून, ग्रामपंचायतीस बरोबर घेऊन, सर्वांनी एकदम कापणी करावी. बांधावरून भांडणारे आम्ही पुष्कळ पाहिले. या कामी बांध विसरणारे शेतकरी पाहावयास मिळावेत, एवढीच आमची इच्छा आहे.